पाप आणि पापी : ख्रिस्ती दृष्टिकोन

'पाप' हा शब्द आपल्या बोलण्यात इतक्या सहजपणे येतो की, त्याचा नेमका अर्थ काय हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. पानात अन्न टाकले तर पाप, आईबापांना उलटून बोलले तर पाप, मुक्या जनावराला मारले तर पाप. कोणी ते तीर्थात स्नान करून धुतो, कोणी दानधर्माने फेडतो, तर कोणी 'पुढच्या जन्मी बघू' म्हणून सोडून देतो. आपल्या या परिचयाच्या शब्दाला ख्रिस्ती धर्मविचारात मात्र असे काही वजन आहे की ते आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटते. 'सर्व माणसे पापी आहेत' हे विधान कानावर पडले की मनात पहिली प्रतिक्रिया उमटते ती ही, की मी कोणाचा खून केला नाही, कोणाच्या घरी दरोडा घातला नाही. मग मी पापी कसा?

हा प्रश्न मलाही पडला. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. ख्रिस्ती घरात जन्मलेला नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात संत ऑगस्टीन आला आणि त्याच्यामागोमाग हा विषय आला. प्रस्तुत लेखात एका धर्माचा प्रचार करण्याचा माझा हेतू नाही, तसाच त्याचा उपहास करण्याचाही नाही. पाप आणि दुष्टता यांच्याकडे ख्रिस्ती विचार कसा पाहतो, आणि त्या पाहण्यात आपण सर्वांनी विचार करावा असे काय आहे, एवढेच मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात पापासाठी 'हमार्तिया' हा शब्द येतो आणि त्याचा मूळ अर्थ 'नेम चुकणे' असा आहे. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतील 'खाता' या धातूचाही अर्थ तसाच. 'शास्ते' या पुस्तकात बन्यामीन वंशातील ७०० डावखुऱ्या गोफणकऱ्यांचा उल्लेख आहे. त्यांचा नेम केसभरही चुकत नसे, हे सांगताना तेथे हाच धातू वापरला आहे. म्हणजे पाप ही मुळात अंगाला चिकटलेली घाण नव्हे, किंवा वहीत मांडलेली उधारीही नव्हे. माणूस ज्या दिशेने जाण्यासाठी निर्माण झाला ती दिशा चुकणे म्हणजे पाप. ही दिशा कोणती? ख्रिस्ती उत्तर असे की, देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम. म्हणून ज्याने एकही कायदा मोडलेला नाही तोही या अर्थाने नेम चुकलेला असू शकतो. कायदा पाळणारा, वेळेवर उपासतापास करणारा, पण शेजाऱ्याला तुच्छ लेखणारा परूशी येशूच्या दृष्टीने अधिक अवघड रोगी होता, कारण आपल्याला रोग आहे हेच त्याला मान्य नव्हते.

'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकातील आदाम आणि हव्वा यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने 'ख्रिस्तपुराण' हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला आणि तो १६१६ साली गोव्यात छापला गेला, तेव्हापासून ही कथा मराठी ओवीतही आहे. पण या कथेत फळ खाण्याइतकीच महत्त्वाची एक गोष्ट फळ खाल्ल्यानंतर घडते आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. देव विचारतो, तेव्हा आदाम बोट दाखवतो हव्वेकडे; एवढेच नव्हे, तर ही बाई तूच मला दिलीस, असे देवालाही सुनावतो. हव्वा बोट दाखवते सापाकडे. 'माझ्याकडून झाले' असे कोणीच म्हणत नाही. मला वाटते, या विषयाचे मर्म येथे आहे. माणूस पाप करतो आणि लगेच ते दुसऱ्याच्या माथी मारतो. ख्रिस्ती धर्माचा पापविचार म्हणजे या दुसऱ्या क्रियेशी चाललेला दीर्घ झगडा आहे, असे म्हणता येईल. तो झगडा ऑगस्टीनच्या आयुष्यात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कोठे दिसेल.

ऑगस्टीनचा जन्म इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी झाला. हे गाव आजच्या अल्जीरिया देशात आहे. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती, पण मुलगा बुद्धिमान आणि स्वच्छंदी. कार्थेज येथे शिकत असताना तो मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात शिरला आणि सुमारे नऊ वर्षे त्यात राहिला. जगात प्रकाश आणि अंधार अशी दोन स्वतंत्र, अनादी तत्त्वे असून त्यांचे सतत युद्ध चालू आहे, असे हा पंथ मानी. जगात इतके दुःख आणि दुष्टपणा का, याचे हे उत्तर सोपे होते. त्यात आणखी एक सोय होती. माझ्या हातून वाईट घडले तर ते मी केलेच नाही. माझ्यातल्या अंधारतत्त्वाने केले. ऑगस्टीनने पुढे प्रांजळपणे लिहिले की, या पंथाच्या ओढीचे एक कारण ही सोयच होती. आदामाने हव्वेकडे दाखवलेले बोट येथे तत्त्वज्ञानाचा पोशाख घालून आले होते.

तो या पंथातून बाहेर पडला, ३८७ साली मिलान येथे बिशप अँब्रोज यांच्या हातून त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे हिप्पो या शहराचा तो बिशप झाला. दुष्टतेविषयी त्याने जो सिद्धांत मांडला तो ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा पाया ठरला. दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नाही, तो चांगल्याचा अभाव आहे, असे त्याने म्हटले. आंधळेपण नावाचा पदार्थ डोळ्यात भरलेला नसतो. तेथे दृष्टी नसते एवढेच. जखम म्हणजे शरीरात येऊन बसलेला कोणी पाहुणा नव्हे. ती शरीराची मोडतोड आहे. देवाने निर्माण केलेले सर्व मुळात चांगले आहे. वाईट म्हणजे त्या चांगल्याची झीज. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, सैतान हा देवाच्या बरोबरीचा दुसरा देव नव्हे. ख्रिस्ती परंपरेत तोही बिघडलेला देवदूतच आहे. आणि दोन, कोणताही माणूस मुळापासून दुष्ट असू शकत नाही, कारण निव्वळ दुष्टता नावाची वस्तूच नाही. अत्यंत पतित माणसातही बिघडण्यासारखे चांगले काही शिल्लक असते, म्हणूनच तर तो बिघडतो.

आता कोणी म्हणेल, अभाव म्हटल्याने दुष्टता किरकोळ ठरत नाही काय? ऑगस्टीनला ती मुळीच किरकोळ वाटत नव्हती. त्याच्या 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनपर ग्रंथाच्या दुसऱ्या भागात एका चोरीची हकीकत आहे. सोळा वर्षांचा असताना त्याने काही सोबत्यांसह रात्री एका झाडाची नासपती पळवली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. एखाददुसरे चाखले आणि बाकीची डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झालेला हा विद्वान माणूस या पोरकट चोरीवर पानेच्या पाने लिहितो, याचे प्रथम मला हसू आले. पण त्याचा प्रश्न नीट पाहिला म्हणजे हसू मावळते. भुकेने चोरी केली असती तर कारण समजले असते. येथे कारणच नव्हते. जे करू नये ते करण्याची मजा, एवढेच. आणि दुसरे म्हणजे, एकट्याने त्याने ते केलेच नसते. 'चला' असे कोणी म्हटले आणि मागे राहण्याची लाज वाटली.

हे वाचताना वसतिगृहात राहणाऱ्या कोणालाही काय आठवेल, हे मी सांगायला नको. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला. तो व्हावा लागला, यातच सर्व आले. नव्या मुलाला रात्री उठवून छळणाऱ्या टोळक्यातील प्रत्येक जण दिवसा पाहिला तर साधा, घरी पत्र लिहिणारा, बहिणीची काळजी करणारा असतो. त्याला विचारा, तो म्हणेल, 'सगळेच करत होते' किंवा 'आमच्या वेळी आम्हीही सोसले'. दुष्टपणा करायला राक्षस लागत नाहीत. चार चांगल्या घरची मुले आणि मागे राहण्याची लाज एवढे पुरते. ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी नासपतीच्या झाडाखाली जे पाहिले ते हेच.

यातून ख्रिस्ती धर्मातील सर्वांत वादग्रस्त सिद्धांत पुढे आला, तो म्हणजे मूळ पापाचा. माणसाची इच्छाशक्तीच वाकलेली आहे. आदामापासून सर्व मानवजातीला हा वाकडेपणा वारशाने मिळाला आहे. म्हणून देवाच्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या बळावर सरळ होऊ शकत नाही, असे ऑगस्टीनचे मत. त्याला विरोध केला पेलागियस या ब्रिटनमधून रोमला आलेल्या साधुवृत्तीच्या माणसाने. त्याचे म्हणणे असे की, देव आज्ञा देतो त्याअर्थी ती पाळण्याची शक्तीही माणसाला आहे. मूल निष्पाप जन्मते. पाप करणे न करणे ज्याच्या त्याच्या हाती आहे. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसची मते त्याज्य ठरवली.

मला आरंभी पेलागियसच पटला. प्रयत्नवादावर वाढलेल्या आपल्या मनाला तो पटणारच. पण विचार करता त्याच्या मताची एक कठोर बाजू दिसू लागते. सर्व काही माणसाच्याच हाती असेल, तर जो पडला त्याला एकच सांगता येते, 'ऊठ, तुझे तूच पाहा'. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला हे सांगून काय उपयोग होतो, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ऑगस्टीन या पडलेल्या माणसाच्या बाजूला बसतो. उलटपक्षी, बाप्तिस्मा न झालेले अर्भकही त्या वारशामुळे दोषी ठरते, हे ऑगस्टीनचे मत मला मान्य करता येत नाही. स्वतः ख्रिस्ती पंथांतही येथे एकवाक्यता नाही. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च आदामापासून मृत्यू आणि दुर्बलता यांचा वारसा मानते, अपराधाचा नव्हे. मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात माणूस सर्वस्वी स्वतःकडेच वळलेला आहे असे सांगून ऑगस्टीनचे मत अधिक तीव्र केले, तर १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक चर्चने मूळ पाप मान्य करूनही बाप्तिस्म्याने त्याचा दोष पूर्ण नाहीसा होतो, केवळ कल मागे राहतो, असे ठरवले.

मानवी स्वभावाच्या या कलाचे बारकाईने वर्णनही ख्रिस्ती परंपरेने केले आहे. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या तपस्व्याने चौथ्या शतकात आठ दुष्ट विचारांची यादी केली. पुढे पोप पहिले ग्रेगरी यांच्या हातून तिला सात मुख्य पापांचे रूप येत गेले. आपल्या षड्रिपूंशी तिचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर दोन्हीकडे आहेत. त्या यादीत खादाडपणा आणि एक विशिष्ट आळस अधिक आहेत. हा आळस म्हणजे झोप नव्हे. भर दुपारी कशातच मन न लागणे, चांगल्याचाही कंटाळा येणे, असा तो आहे. परीक्षेपूर्वीच्या दिवसांत तो आमच्या वाचनालयातही पुष्कळ आढळतो! मात्र ख्रिस्ती परंपरेने सर्वांचे मूळ मानले ते गर्वाला, आणि गर्व हा विशेषतः सज्जनांचा रोग आहे. 'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही' असे आपण म्हणतो. हीच प्रतिमा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूच्या तोंडी आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पापावर एवढा भर म्हणजे प्रत्येक दुःख ही पापाची शिक्षा, असे ख्रिस्ती मत असावे, असे वाटण्याचा संभव आहे. शुभवर्तमानात याच्या उलट दाखले आहेत. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न करून येशूच 'नाही' असे उत्तर देतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? उत्तर येते, दोघांचेही नाही. जन्मांध माणसाने पाप केव्हा केले असेल, या प्रश्नाला आपल्याकडे पूर्वकर्माचे उत्तर तयार असते. म्हणून हा प्रसंग आपल्याला विशेष विचार करायला लावतो. जानेवारी १९३४ मध्ये बिहारात भीषण भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे म्हटले आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. गांधीजींनी पाप आपल्या, म्हणजे सवर्ण हिंदू समाजाच्या पदरी घातले हे त्यांचे मोठेपण; पण ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांचा त्यात काय दोष, हा रवींद्रनाथांच्या विरोधातून उभा राहणारा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. १९९३ साली लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला तेव्हाही तोच प्रश्न उभा होता. दुःखी माणसाला 'तुझेच पाप' म्हणणे, हाही बोट दुसऱ्याकडे दाखवण्याचाच एक प्रकार आहे.

अर्थात चांगल्या आणि सर्वसमर्थ देवाच्या जगात निरपराधांना दुःख का, हा प्रश्न यामुळे सुटत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, प्रार्थनेला जमलेल्या लोकांवर लिस्बन शहरातील चर्चे कोसळली. त्या घटनेने व्हॉल्टेअरसारख्या विचारवंताला हादरवले, आणि त्याच्या आक्षेपांना पुरेसे उत्तर मला अद्याप कोठे मिळालेले नाही. ख्रिस्ती श्रद्धा येथे सिद्धांताऐवजी क्रुसाकडे बोट दाखवते. देव दुःखाबाहेर राहिला नाही, त्याने ते स्वतः सोसले, असे ती सांगते. हे तर्कशास्त्राचे उत्तर नव्हे. पण सोसणाऱ्याला एकटे न टाकणारे उत्तर आहे.

मग पापावर उपाय कोणता? कॅथलिक पंथात पापनिवेदनाचा संस्कार आहे. गोव्यात त्याला 'कुमसार' म्हणतात. वर्षातून निदान एकदा तरी प्रत्येकाने ते करावे, असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेने केला. प्रॉटेस्टंट पंथ धर्मगुरूची मध्यस्थी आवश्यक मानत नाहीत. परंतु पश्चात्ताप दोघांनाही हवा, आणि पश्चात्ताप म्हणजे केवळ रडणे नव्हे. चोरलेली वस्तू परत केल्यावाचून चोरीचा पश्चात्ताप पुरा होत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा श्रीमंत जकातदार येशू घरी आल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन टाकतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल करतो. लक्षात घेण्यासारखे हे की, येशू आधी त्याच्या घरी जातो. सुधारणा मागून होते. 'आधी सुधार, मग येईन' अशी अट नाही. यालाच कृपा म्हणतात.

हा विचार उंच असला तरी तो सांगणाऱ्यांचे हात नेहमी स्वच्छ राहिले असे नाही. आपल्या शेजारीच, गोव्यात, १५६० पासून १८१२ पर्यंत मधल्या काही वर्षांचा खंड वगळता धर्मन्यायालय चालले. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढण्यासाठी तुरुंग आणि चिता वापरल्या गेल्या. स्वतःचे पाप पाहायला शिकवणारा धर्म सत्तेच्या हाती पडला की दुसऱ्यांची पापे मोजू लागतो, याचा हा पुरावा आहे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये जाहीर प्रार्थनेत चर्चच्या लोकांनी केलेल्या अशा पापांबद्दल देवाजवळ क्षमा मागितली. क्षमा मागण्याने मेलेली माणसे परत येत नाहीत. परंतु ज्या संस्थेने शतकानुशतके इतरांची निवेदने ऐकली तिने स्वतःचेही केले, ही गोष्ट तिच्या मूळ शिकवणीला धरून झाली.

शेवटी आपल्याच मातीतील एक उदाहरण देतो. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे ख्रिस्ती भगिनींनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले काम त्यांनी पाहिले. ज्यांची सावलीही नको असे समाज म्हणतो, त्या स्त्रियांची या भगिनी मायेने सेवा करीत होत्या. असे का, हे विचारता रमाबाईंना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. पाच नवरे झालेल्या त्या स्त्रीशी येशू विहिरीवर बसून बोलला आणि तिच्याकडे त्याने पाणी मागितले. रमाबाईंनी त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात तेव्हा वादळ उठले आणि मतभेद आजही असू शकतात. परंतु पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी मुक्ती सदन उभारले आणि त्यात पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी जे घर काढले त्याला नाव दिले 'कृपासदन'. सुधारगृह नव्हे, आश्रयगृहही नव्हे. ऑगस्टीन आणि पेलागियस यांचा सारा वाद ज्या एका शब्दावर झाला, तो शब्द त्यांनी घराच्या दारावर लावला. ज्या स्त्रीकडे सर्वांनी बोट दाखवले आणि ज्यांनी तिला तेथवर नेले ते पुरुष मात्र प्रतिष्ठित राहिले, तिला तेथे प्रथम भाकरी आणि बिछाना मिळे.

'सर्व माणसे पापी आहेत' हे विधान मला आता पूर्वीसारखे अपमानकारक वाटत नाही. ते माझ्याविषयी आहे तसे ते सांगणाऱ्याविषयीही आहे; त्यात वरच्या पायरीवर कोणीच उभे नाही. मी ख्रिस्ती नाही आणि मूळ पापाचा सिद्धांत जसाच्या तसा मला पटलेला नाही, हे वर आलेच आहे. परंतु एखाद्याचे पाप उघडकीस आले की आपण सारे ज्या उत्साहाने जमतो, तो उत्साह तपासून पाहावा असे मला हा विषय वाचल्यापासून वाटू लागले आहे. गुन्ह्याला शिक्षा व्हावी, अन्याय झालेल्याला न्याय मिळावा, यात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की, दगड उचलणाऱ्या हाताने आधी स्वतःची छाती चाचपून पाहिली आहे काय. आपल्या महाविद्यालयातील मित्रांनी आणि गुरुजनांनी यावर आपले मत मांडावे, विरोधी असल्यास तेही अवश्य मांडावे, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.